अवधान, अभ्यास आणि संस्था : बंगळूरच्या सभेपासून हिंगण्याच्या आश्रमापर्यंत

१

बंगळूरच्या जुन्या छावणी-विभागात शिवाजीनगर नावाची दाट वस्ती आहे. १८०९ मध्ये ब्रिटिशांनी येथे छावणी वसविल्यानंतर तिच्या आश्रयाने जी वस्ती वाढली, ती पूर्वी ब्लॅकपल्ली या नावाने ओळखली जात असे; पुढे तिला शिवाजीनगर हे नाव मिळाले. रसेल मार्केट आणि सेंट मेरी बॅसिलिका यांच्या परिसरात तमिळ, दखनी उर्दू, कन्नड आणि इंग्रजी या भाषा एकमेकींच्या शेजारी नांदतात. मराठी ही तेथे थोड्यांची भाषा आहे. वस्तीच्या नावावरून तिचा शिवकालाशी साक्षात संबंध जोडणे मात्र युक्त होणार नाही. शहाजीराजांचे बंगळूर म्हणजे केंपेगौडाने वसविलेली पेठ आणि तिच्यालगतचा किल्ला. छावणीचा जन्म त्यानंतर दीडशेहून अधिक वर्षांनी झाला. शिवाजीनगर हे नाव उत्तरकालाने जपलेली एक स्मृती होय.

या स्मृतीला वाङ्मयीन आधार मात्र भक्कम आहे. १६३८ मध्ये आदिलशाही सरदार रणदुल्लाखान याने बंगळूर जिंकल्यानंतर ते शहाजीराजांच्या जहागिरीत आले. त्यांच्या आश्रयास आलेल्या जयराम पिंड्ये या कवीने सतराव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास 'राधामाधवविलासचंपू' हा ग्रंथ रचला. सुमारे पावणेतीनशे वर्षांनी, १९२२ मध्ये, वि. का. राजवाडे यांनी विस्तृत प्रस्तावनेसह तो प्रसिद्ध केला. या एका ग्रंथापाशी अवधानाची दोन रूपे एकत्र येतात : सभेत क्षणाक्षणाला कसोटीस लागणारे कवीचे अवधान आणि तपानुतपे एकाच विषयाला धरून राहणारे संशोधकाचे अवधान. समाजाला काही घडवून देऊ पाहणाऱ्या नेत्याला आणि शिक्षकाला दुसऱ्या प्रकारचे अवधान लागते, हे सामान्यतः मान्य आहे. परंतु त्याचे स्वरूप काय, ते फलद्रूप कसे होते आणि त्याची किंमत कोणती, हे प्रश्न फारसे विचारले जात नाहीत. चिकाटीची स्तुती करून चरित्रकार पुढे जातो. प्रस्तुत लेखात या तीन प्रश्नांचा विचार मराठीतील काही ज्ञात उदाहरणांच्या आधारे केला आहे.

२

'राधामाधवविलासचंपू'ची रचना अकरा उल्लासांची आहे. पहिल्या पाच उल्लासांत राधाकृष्णांच्या विलासाचे वर्णन आहे. सहाव्यापासून शहाजीराजांची सभा अवतरते. शेवटच्या उल्लासात निरनिराळ्या भाषांतील पद्ये येतात. जयरामाने राजासमोर बारा नारळ ठेवले आणि आपणास बारा भाषांत काव्यरचना करता येते असे सुचविले, ही हकीकत प्रसिद्ध आहे. त्यानंतर सभेतील मंडळी त्यास समस्या घालतात आणि तो त्या पुऱ्या करतो. संस्कृत, मराठी, कानडी, हिंदुस्थानीची विविध रूपे अशा अनेक भाषांचा वावर असलेली ही सभा आहे. येथे कवीची परीक्षा केवळ त्याच्या व्युत्पत्तीची नाही. एका भाषेतील समस्या पुरी होते न होते तोच दुसऱ्या भाषेतील समस्या पुढे यावी आणि तरीही कवीने स्तुतीचे सूत्र सुटू देऊ नये, अशी ती परीक्षा आहे.

समस्यापूर्तीची ही रीत संस्कृत काव्यपरंपरेत जुनी आहे. तेलुगू आणि कन्नड प्रदेशांत तिचा विकास 'अवधान' या स्वतंत्र सभाकलेत झाला. तेलुगूत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून तिरुपती वेंकट कवुलु या जोडकवींनी तिला मोठी लोकप्रियता मिळवून दिली. कन्नडमध्ये विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बंगळूरचे शतावधानी रा. गणेश यांनी तिचे पुनरुज्जीवन केले. अष्टावधानात आठ पृच्छक असतात. एक जण समस्या घालतो. दुसरा काही शब्द देऊन ते पद्यात गुंफावयास सांगतो. तिसरा पद्यातील प्रत्येक अक्षरानंतर पुढे येऊ पाहणाऱ्या अक्षराचा निषेध करतो. मध्येच ठरावीक संख्येने घंटा वाजविली जाते आणि तिचे ठोके मोजावयाचे असतात. अप्रस्तुतप्रसंगाचा पृच्छक तर केवळ अवधानीचे चित्त विचलित करण्यासाठीच बसलेला असतो. तो वाटेल तेव्हा असंबद्ध प्रश्न विचारतो आणि त्यास विनोदाने उत्तर द्यावे लागते. प्रत्येक फेरीत प्रत्येक पद्याचा एकेकच चरण रचला जातो. चार फेऱ्या संपल्यावर अवधानी सर्व पद्ये सलग म्हणून दाखवितो. या अखेरच्या भागास 'धारणा' म्हणतात.

या रचनेतून अवधानाविषयीची एक सूक्ष्म कल्पना हाती लागते. व्यत्यय हा येथे अपघात नसून कलेचा नियोजित घटक आहे. व्यत्यय टाळणाऱ्याला या सभेत स्थान नाही. व्यत्ययाला उत्तर देऊन सोडलेल्या चरणाशी जो नेमका परत येतो, तोच अवधानी. पतंजलीच्या योगसूत्रांत अभ्यासाची जी लक्षणे सांगितली आहेत, त्यांतही दीर्घ काळ आणि सातत्य यांवर भर आहे. चित्त मुळातच चंचल आहे हे तेथे गृहीत धरलेले आहे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स याने १८९० च्या आपल्या मानसशास्त्रावरील ग्रंथात जवळजवळ याच दिशेने विचार मांडला. त्याच्या मते ऐच्छिक अवधान एका वेळी काही क्षणांहून अधिक टिकत नाही. आपण ज्यास दीर्घ अवधान म्हणतो ती वस्तुतः चित्ताला पुनःपुन्हा विषयाकडे आणण्याच्या प्रयत्नांची मालिका असते. आणि ही शक्ती वाढविणारे शिक्षण हेच सर्वश्रेष्ठ शिक्षण ठरेल, असे त्याचे प्रतिपादन होते.

मराठी वाचकाला 'अवधान' हा शब्द आणखी एका संदर्भात परिचित आहे. ज्ञानेश्वरीच्या नवव्या अध्यायाचा आरंभच श्रोत्यांकडे अवधान मागून होतो. तेथे अवधान हे वक्त्याचे सामर्थ्य नसून श्रोत्याचे दान आहे. सभाकलेत एकट्या कवीची कसोटी लागते. निरूपणात वक्ता आणि श्रोता मिळून अर्थ सिद्ध करतात. शिक्षकाच्या आणि नेत्याच्या कार्याशी या दुसऱ्या कल्पनेचे नाते अधिक जवळचे आहे. केवळ प्रयोग म्हणून साधलेले अवधान फळ देतेच असे नाही, याचे उदाहरण श्रीमद् राजचंद्र यांचे आहे. १८८७ च्या सुमारास मुंबईत त्यांच्या शतावधानाची मोठी ख्याती झाली होती. परंतु हे प्रयोग आत्मसाधनेच्या आड येतात असे जाणवल्यावर त्यांनी ते सोडून दिले. एकाग्रतेचे प्रदर्शन मूळ ध्येयापासून दूर नेऊ शकते, हे त्यांनी ओळखले होते.

३

विश्वनाथ काशिनाथ राजवाडे (१८६३–१९२६) यांचे जीवन दीर्घ अवधानाचे उदाहरण म्हणून नेहमी सांगितले जाते. 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड १८९८ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे त्या मालेचे बावीस खंड झाले. त्यांसाठी राजवाडे गावोगाव हिंडले. वाड्यांच्या माळ्यांवर, देवघरांत आणि जुन्या पेटाऱ्यांत पडलेली मोडी दप्तरे त्यांनी मिळविली, उतरून घेतली आणि छापून काढली. पत्नीच्या अकाली निधनानंतर त्यांनी पुन्हा विवाह केला नाही. स्वतःच्या हाताने स्वयंपाक करून, अत्यल्प गरजांत त्यांनी दिवस काढले.

हे सर्व खरे असले तरी राजवाड्यांच्या अवधानाचे वैशिष्ट्य केवळ वैराग्यात शोधणे अपुरे आहे. त्यांचा व्यासंग एकाच विषयात बंदिस्त नव्हता. इतिहास, भाषाशास्त्र, व्याकरण, समाजशास्त्र असा त्यांचा संचार होता. ज्ञानेश्वरीची जुनी पोथी मिळताच त्यांनी तिचे संपादन केले आणि तिच्या भाषेचे व्याकरण लिहिले; मराठी धातूंचा आणि शब्दव्युत्पत्तींचा संग्रह केला; विवाहसंस्थेच्या इतिहासावर लिहिले. वरवर पाहता हे चित्त अनेक दिशांना धावते आहे असे वाटते. परंतु प्रत्येक ठिकाणी प्रश्न एकच आहे : महाराष्ट्रातील समाज कसा घडला, आणि याचे उत्तर मूळ साधनांतून कसे मिळेल? ते अनेक वाटांनी निघाले, तरी प्रत्येक वेळी मूळ कागदाकडे आणि मूळ शब्दाकडे परत आले. अष्टावधानीप्रमाणे चरण निरनिराळे होते आणि धारणा एक होती.

याच ठिकाणी अवधानाची किंमतही दिसते. 'राधामाधवविलासचंपू'च्या प्रस्तावनेत राजवाड्यांचा भर शहाजीराजांचे चरित्र आणि मराठ्यांच्या इतिहासातील त्यांचे स्थान यांवर आहे. उपेक्षित राहिलेल्या शहाजीराजांना एक कर्तृत्ववान पुरुष म्हणून उभे करण्यात या प्रस्तावनेचा वाटा मोठा आहे. परंतु ग्रंथाला मुख्यतः साधन म्हणून पाहिल्यामुळे त्याचे काव्य मागे पडले. बंगळूरच्या सभेत मराठी, कानडी आणि हिंदुस्थानी एकत्र कशा नांदल्या, पंडित कवीला एकाच ग्रंथात इतक्या भाषा का आणाव्याशा वाटल्या, राधाकृष्णाच्या शृंगारापासून राजसभेपर्यंतचा प्रवास रचनेच्या दृष्टीने कसा साधला, हे भारतीय साहित्याच्या अभ्यासकाचे प्रश्न त्या प्रस्तावनेच्या केंद्रस्थानी नाहीत. दृष्टी स्थिर केल्यावर जे स्पष्ट दिसते त्याच्या भोवतीचे काही अंधुक होते. हा राजवाड्यांचा वैयक्तिक दोष मानण्याचे कारण नाही. दीर्घ अवधान मूलतः निवड करणारे असते, एवढाच त्याचा अर्थ. ज्याने आपण काय सोडले हे जाणले, त्याच्या निवडीवर इतरांना पुढे काम करता येते.

राजवाड्यांना एकट्याच्या अवधानाची मर्यादा ठाऊक होती. ७ जुलै १९१० रोजी खंडेराव चिंतामण मेहेंदळे यांच्या साहाय्याने त्यांनी पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन केले. पुढे मतभेद होऊन ते त्यापासून दूर झाले. मंडळ मात्र टिकले आणि साधने जमविण्याचे काम करीत राहिले. राजवाड्यांचे निधन ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळे येथे झाले. १९२७ मध्ये तेथे राजवाडे संशोधन मंडळ स्थापन झाले, आणि त्यांनी मागे ठेवलेले धातुकोशासारखे काम कृ. पां. कुलकर्णी यांच्या संपादनाने प्रकाशात आले. ज्या पुरुषाच्या स्वभावाला संस्था मानवली नाही, त्याच्या अवधानाचे फळ अखेर संस्थांमुळेच समाजाच्या पदरात पडले.

४

शिक्षणाच्या क्षेत्रात धोंडो केशव कर्वे (१८५८–१९६२) यांचे उदाहरण याहून निराळे आणि काही बाबतींत अधिक बोधप्रद आहे. राजवाड्यांसारखी तेजस्वी बुद्धी किंवा वादविवादाची हौस कर्व्यांच्या ठिकाणी नव्हती. १८९१ मध्ये ते फर्ग्युसन कॉलेजात गणिताचे अध्यापक झाले. १८९३ मध्ये त्यांनी गोदूबाई या विधवेशी विवाह केला. त्याच त्या पुढच्या आनंदीबाई उर्फ बाया कर्वे. विधवाविवाहाच्या प्रसारासाठी त्यांनी मंडळी स्थापन केली. परंतु लवकरच त्यांच्या ध्यानात आले की मूठभर विवाह घडवून आणल्याने बहुसंख्य विधवांची स्थिती पालटत नाही. त्यांना स्वतःच्या पायांवर उभे करील असे शिक्षण हवे. १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रम निघाला, आणि १९०० मध्ये तो पुण्याबाहेर हिंगण्यास गेला. कॉलेजातील तास संपवून कर्वे पायी हिंगण्याची वाट चालत.

येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट म्हणजे त्यांनी ओढून घेतलेली मर्यादा. स्वतः पुनर्विवाहित स्त्रीचे पती असूनही कर्व्यांनी आश्रमाला पुनर्विवाहाच्या चळवळीचे केंद्र होऊ दिले नाही. आश्रमाचे कार्य शिक्षणाचे. मुलींच्या पालकांचा विश्वास ढळला तर मुली येणार नाहीत, हा त्यांचा विचार होता. सुधारकांपैकी काहींना ही माघार वाटली. तत्त्वाच्या दृष्टीने त्या टीकेत तथ्य नव्हते असे म्हणता येणार नाही. परंतु त्या काळच्या पुण्यात आश्रम टिकला तो या मर्यादेमुळे. स्वतःच्या श्रद्धेतील एक अंश संस्थेच्या बाहेर ठेवणे हे नेत्याच्या अवधानाचे अवघड अंग आहे, आणि त्याचा निवाडा केवळ धैर्य किंवा भीती या शब्दांत होत नाही.

कर्व्यांचे ध्येय स्थिर होते, साधने मात्र बदलत गेली. अविवाहित मुलींसाठी १९०७ मध्ये महिला विद्यालय निघाले. १९०८ मध्ये निष्काम कर्म मठाची स्थापना झाली. जपानमधील महिला विद्यापीठाची माहिती देणारी पुस्तिका हाती आल्यावर त्या कल्पनेने त्यांच्या मनात मूळ धरले, आणि १९१६ मध्ये मातृभाषेतून उच्च शिक्षण देणारे महिला विद्यापीठ सुरू झाले. १९२० मध्ये विठ्ठलदास ठाकरसी यांनी पंधरा लाख रुपयांची देणगी देऊ केली. स्त्रियांसाठी वेगळा अभ्यासक्रम ठेवल्याने त्यांचे शिक्षण दुय्यम ठरेल, ही टीका त्या काळीही झाली. पुढच्या पिढ्यांनी तिचा विचार करणे प्राप्तच आहे. १९३६ मध्ये, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, कर्व्यांनी शाळा नसलेल्या खेड्यांकडे लक्ष वळवून महाराष्ट्र ग्राम प्राथमिक शिक्षण मंडळ काढले. १९४४ मध्ये समता संघ स्थापन केला. विधवांचा आश्रम ते खेड्यातील शाळा हा विषयांतराचा प्रवास भासेल. परंतु ज्यांच्यापर्यंत शिक्षण पोहोचलेले नाही त्यांच्यापर्यंत ते नेणे, हा धागा पन्नास वर्षे तुटलेला नाही.

या साऱ्यात निष्काम कर्म मठाला विशेष महत्त्व आहे. आश्रम आणि विद्यालय ही कार्ये चालविण्यासाठी आयुष्य वाहणारे कार्यकर्ते मिळविणे हा मठाचा हेतू होता. आनंदीबाईंच्या भगिनी पार्वतीबाई आठवले यांनी आश्रमासाठी निधी गोळा करण्याचे काम आयुष्यभर केले. त्यासाठी त्या अमेरिकेपर्यंत जाऊन आल्या. एका व्यक्तीचे अवधान थकते, आजारी पडते, वृद्ध होते. अनेकांनी एकच उद्दिष्ट स्वीकारले की एकाचे चित्त ढळले तरी दुसरा त्या कार्याकडे परत येतो. कर्व्यांचे वैयक्तिक अवधान संस्थेची रीत झाले, आणि म्हणून ते त्यांच्यानंतरही टिकले.

५

राजवाडे आणि कर्वे यांच्या दरम्यान श्री. व्यं. केतकर (१८८४–१९३७) यांचे उदाहरण ठेवण्यासारखे आहे. महाराष्ट्रीय ज्ञानकोशासारखे काम एका माणसाने योजिले तर ते अपुरे राहण्याचीच शक्यता अधिक. केतकरांनी त्यासाठी मर्यादित कंपनी काढली, भाग विकून भांडवल उभे केले आणि सहकाऱ्यांचा संपादकवर्ग जमविला. तेवीस खंडांचा ज्ञानकोश १९२० च्या दशकात सिद्ध झाला. येथे अवधानाला ठरलेली सीमा होती : काम किती, कोणाच्या पैशावर आणि कोणाच्या हातून. भागधारकांचे उत्तरदायित्व हाही व्यत्ययाचा भाग नव्हता काय? होता. पण तोच संपादकाला वारंवार कामाकडे परत आणणारा होता.

या तीन उदाहरणांची तुलना करता दीर्घ अवधानाच्या फलसिद्धीच्या काही अटी निश्चित करता येतात. पहिली अट अशी की प्रश्न एक असावा, विषय एकच असणे आवश्यक नाही. राजवाड्यांनी अनेक विषय हाताळले, कर्व्यांनी अनेक संस्था काढल्या. दोघांचा प्रश्न बदलला नाही. दुसरी अट म्हणजे काय सोडावयाचे याचा जाणता निर्णय. कर्व्यांनी तो केला आणि त्याबद्दलचा दोष सोसला. तिसरी अट म्हणजे परतण्याची व्यवस्था. राजवाड्यांच्या बाबतीत ती त्यांच्या मागून झाली, केतकरांनी आरंभीच केली, कर्व्यांनी कार्य चालू असता हळूहळू उभारली. यांपैकी एखादी अट नसेल तर परिश्रम वाया जातात असे नव्हे. ते इतरांनी उचलून पुरे करावे लागतात.

६

शिक्षकाच्या दैनंदिन कार्यात या विचाराचे महत्त्व अधिक आहे. शिवाजीनगरसारख्या वस्तीत एकाच वर्गात घरी तमिळ बोलणारे, दखनी बोलणारे आणि कन्नड बोलणारे विद्यार्थी शेजारी बसतात. तेथील शिक्षकाला प्रत्येक तासाला जयरामाच्या सभेसारखा प्रसंग येतो : एकाचा प्रश्न एका भाषेत, दुसऱ्याची अडचण दुसऱ्या भाषेत, मध्येच हजेरी, सूचना, परीक्षेचे कागद. या सर्वांना दूर सारून एकाग्र व्हा, हा उपदेश त्याला निरुपयोगी आहे. त्याच्या कामात व्यत्यय हा कामाचाच घटक आहे. त्याला लागते ती धारणा. तासाच्या आरंभी कोणता एक मुद्दा मुलांपर्यंत न्यावयाचा हे ठरलेले असावे, प्रत्येक व्यत्ययाला न चिडता उत्तर दिले जावे, आणि प्रत्येक वेळी त्याच मुद्द्याकडे परत यावे. ज्ञानेश्वरीतील निरूपणकाराप्रमाणे त्याला श्रोत्यांचे अवधान मागावे लागते; ते आज्ञेने मिळत नाही.

जो शाळा किंवा विभाग चालवितो त्याचे काम याहून एक पायरी पुढचे आहे. आपल्या सहकाऱ्यांना परतता येईल अशी रीत त्याने घालून द्यावयाची असते. वर्षातून वर्षात बदलणाऱ्या योजनांच्या गर्दीत शाळेचा एक प्रश्न कायम ठेवणे, त्यासाठी इतर चांगल्या गोष्टींना काही काळ नकार देणे, आणि आपल्यानंतर येणाऱ्याला तो प्रश्न समजेल अशा नोंदी ठेवणे, या गोष्टींना प्रसिद्धी मिळत नाही. संस्थेचे फळ मात्र बहुतांशी त्यांवर अवलंबून असते.

भारतीय साहित्याच्या अभ्यासकासाठीही यात एक काम उरते. राजवाड्यांच्या अवधानाने जे बाजूला राहिले ते, म्हणजे बंगळूरच्या सभेतील बहुभाषिक काव्य, मराठी आणि कन्नड अभ्यासकांनी मिळून पुन्हा वाचले पाहिजे. एका भाषेच्या जाणकाराला ते पुरे वाचता येणार नाही. ज्या सभेत अनेक भाषांच्या जाणकारांसमोर कवीची परीक्षा झाली, तिचे वाचनही अनेकांच्या सहकार्याने आणि दीर्घ काळ चालणाऱ्या अभ्यासानेच होऊ शकते.